अधलंमधलं नसलेलं गणित

आधार क्रमांकात बारा आकडे असतात, पण त्यातले तुमचे अकराच. बारावा आकडा आधीच्या अकरांवरून हिशेब करून काढलेला असतो. तो तुमच्याबद्दल काहीही सांगत नाही. सेतू केंद्रातल्या मुलाने समोरची रांग बघून घाईत नंबर टाकला आणि एखादं बोट चुकलं, तर ती चूक तिथल्या तिथे पकडायची, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक. म्हणून तर नीट लिहिलेली वेबसाइट चुकीचा आधार नंबर टाकल्या टाकल्या, कुठेही विचारपूस न करता, क्रमांक अवैध आहे म्हणून सांगते. तुमचं नाव-गाव तिला अजून ठाऊकही नसतं.

आकडे टाकताना माणसं मुख्यतः दोन प्रकारे चुकतात. एक तर एखादा आकडा भलताच पडतो. नाहीतर शेजारशेजारचे दोन उलटे पडतात, ४७ चे ७४ होतात. ही दुसरी चूक आपल्याकडे होणारच, कारण 'सत्तेचाळीस' म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. (२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस सात' आलं तेव्हा त्याची महाराष्ट्रभर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी एखादा दिवस सेतू केंद्रात बसून बघायला हवं होतं.) डच भाषेतही आपल्यासारखंच सात आधी आणि चाळीस मागून. त्यामुळे ही चूक हमखास पकडणारी रीत एका डच गणितज्ञाला सुचावी याचं मला फारसं नवल वाटत नाही. याकोबस व्हर्होफ हे त्यांचं नाव आणि साल १९६९. 'आधार'चा बारावा आकडा त्यांच्याच रीतीने निघतो.

मी ही रीत वर्गात शिकवते तेव्हा आधी सोप्या रीती कुठे फसतात ते दाखवते. सगळ्यांत सोपी म्हणजे बेरीज. अकरा आकडे मिळवा, बेरजेतला एकं स्थानचा आकडा बारावा म्हणून लावून टाका. एखादा आकडा बदलला की बेरीज बदलणार, चूक सापडणार. पण ४७ चे ७४ झाले तर बेरीज तीच राहते, चोर निसटला. मग मुलं स्वतःहून म्हणतात, मॅडम, प्रत्येक जागेला वेगळं वजन द्या. बरोबर. पुस्तकाच्या मलपृष्ठावर बारकोडपाशी तेरा आकडी आयएसबीएन असतो त्यात हेच केलंय, आकड्यांना आळीपाळीने एक आणि तीन यांनी गुणून बेरीज घ्यायची. आता शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर बेरजेत त्यांच्या फरकाच्या दुपटीएवढा बदल होतो. म्हणजे फरक पाचाचा असेल तर बदल बरोबर दहाचा, आणि एकं स्थानाला त्याचा पत्ताच लागत नाही. १६ चे ६१, २७ चे ७२ खुशाल निसटतात. जुन्या दहा आकडी आयएसबीएनमध्ये दहाऐवजी अकराने भागून बाकी घेत. अकरा मूळ संख्या असल्यामुळे तिथे दोन्ही चुका पकडल्या जातात, पण बाकी दहा उरली की एका जागेत ती लिहायची कशी? म्हणून जुन्या पुस्तकांवर क्रमांकाच्या शेवटी कधीकधी रोमन 'एक्स' दिसतो. सरकारी नंबराच्या शेपटाला असं अक्षर कोणाला चालणार!

म्हणजे दहाच आकडे वापरायचे आणि तरी दोन्ही चुका शंभर टक्के पकडायच्या. हे जमणारच नाही अशी व्हर्होफपर्यंत समजूत होती. त्यांनी बेरीजच टाकून दिली. बेरजेचा दोष हा की तिला क्रमाशी देणंघेणं नाही, चार अधिक सात काय आणि सात अधिक चार काय. उलटापालट पकडायची तर क्रम बदलल्यावर उत्तर बदलेल अशी एखादी क्रिया हवी.

ती मी पुठ्ठ्याच्या चांदणीवर दाखवते. दिवाळीच्या आकाशकंदिलाची असते तशी पाच टोकांची चांदणी, टोकांवर घड्याळाच्या दिशेने एक ते पाच आकडे, पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही त्या-त्या टोकावर तोच आकडा. एक वर धरायचा. आधी चांदणी घड्याळाच्या दिशेने एक टोक फिरवा आणि मग पान उलटतो तशी डावी-उजवी उलटवा. वर पाच येतो. आता पुन्हा पहिल्यापासून, पण या वेळी आधी उलटवा आणि मग तितकीच फिरवा. वर दोन येतो. त्याच दोन कृती, फक्त क्रम बदलला आणि उत्तर बदललं. या चांदणीला स्वतःच्या जागेवर परत बसवण्याचे प्रकार मोजले तर नुसतं फिरवण्याचे पाच (अजिबात न फिरवणं धरून) आणि उलटवून फिरवण्याचे पाच, एकूण दहा भरतात. शून्य ते नऊ या दहा आकड्यांना एकेक प्रकार वाटून द्यायचा आणि बेरजेच्या जागी 'हे केल्यावर ते करा' ही क्रिया वापरायची. तरी एक भोक राहतं. नुसत्या फिरवण्या एकमेकींत क्रम पाळत नाहीत, एक टोक मग दोन टोकं किंवा दोन मग एक, तिनावरच पोचणार. म्हणून व्हर्होफनी प्रत्येक स्थानासाठी आकड्यांची एक ठरावीक अदलाबदलही जोडली. झालं, भोक बुजलं.

मागच्या बाकांवरची मुलं इथे खिशातून आधार कार्ड काढून पडताळायला लागतात. माझ्या वर्षभराच्या शिकवण्यातला हा सगळ्यांत आवडता तास.

या विषयाचं नाव डिस्क्रीट मॅथ्स. कॉम्प्युटरच्या मुलांना साधारण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लागतो. तोवर एम-वन आणि एम-टू, म्हणजे पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर, पार करून आलेली ही मुलं इंटिग्रेशनला सरावलेली असतात, आणि इथे पहिल्या तासाला संच बघून त्यांना वाटतं, हे तर शाळेत झालंय. मग तर्कशास्त्र येतं, संबंध येतात, मोजणी, ग्राफ, इंडक्शन, भागाकारात उरणाऱ्या बाकीचं अंकगणित, ग्रुप. एकाचा दुसऱ्याशी धागा लागत नाही आणि विषय म्हणजे उरल्यासुरल्याची मिसळ वाटायला लागते. प्रश्नपत्रिकाही त्या समजुतीला खतपाणी घालतात. व्याख्या लिहा, हॅस डायग्राम काढा, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून जा, पास. पाठ करून सुटणाऱ्या विषयांच्या रांगेत हा विषय जाऊन बसला याची मला खरोखर चीड येते, कारण अख्ख्या अभ्यासक्रमात पाठ करायला इतका कमी मजकूर दुसऱ्या कुठल्याच विषयात नाही.

धागा आहे, आणि तो साधाच आहे. एम-वनमधल्या गणितात कुठल्याही दोन संख्यांच्या मध्ये तिसरी सापडते. वक्ररेषा सलग धावते, वेग हळूहळू वाढतो. कॉम्प्युटरच्या पोटात असं अधलंमधलं काही नाही. स्मृतीतल्या एका घरानंतर दुसरं घर, मध्ये साडेसातवं घर नाही. बिट शून्य किंवा एक. अगदी दशांश अपूर्णांकसुद्धा तिथे ठरावीक घरांत कोंबून बसवावे लागतात. बहुतेक कॉम्प्युटर भाषांना ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारलीत तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण एक-दशांश ही संख्या दोनाच्या भाषेत लिहायला गेलं की आपल्या एक-तृतीयांशासारखी संपतच नाही, कुठेतरी तोडावी लागते. सुट्या-सुट्या गोष्टींच्या यंत्राला गणितही सुट्या गोष्टींचंच लागणार.

जिन्यातला दिवा सगळ्यांच्या घरी असतो. खाली एक बटण, वर एक, कुठूनही लावा, कुठूनही विझवा. दोनपैकी नेमकं एकच बटण वर असेल तर दिवा लागतो, दोन्ही वर किंवा दोन्ही खाली असतील तर विझतो. वायरमनला हे जन्मजात कळतं. १९३७ साली एमआयटीत मास्टर्सचा प्रबंध लिहिताना एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅननने दाखवलं की असल्या स्विचांच्या जोडण्या म्हणजे जॉर्ज बूलने त्याआधीच्या शतकात मांडलेलं तर्काचं बीजगणितच आहे. जिन्यातल्या दिव्याचा नियम आणि दोन बिटांच्या बेरजेत हातचा सोडून उरणारा आकडा एकच. म्हणजे स्विच बेरीज करू शकतात. आजच्या प्रत्येक चिपमध्ये हेच चाललेलं असतं. इथे मी वर्गात फार रेंगाळत नाही, कारण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचे सर ते पुढे महिनाभर करतातच.

रेंगाळते ती मोजणीपाशी. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीच्या शेवटाला अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलंय, शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशी दहा आयुधं, ती हातांत अदलून-बदलून दिली तर मूर्तीचे किती भेद होतील? आणि हरीच्या चार हातांतल्या गदा, चक्र, कमळ, शंखाचे किती? हरीचे २४. शंभूचे ३६,२८,८००. हात अडीचपट आणि भेद दीड लाखपट! चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. पण इंजिनिअरिंगच्या मुलांना 'टेन फॅक्टोरियल' एवढंच माहीत असतं.

आता शंभूचे हात राहू द्या आणि पार्सल पोचवणाऱ्या पोराकडे बघा. गोदामातून निघून वीस घरी सामान टाकायचं आहे, सगळ्यांत कमी अंतर पडेल असा क्रम शोधा. प्रोग्रॅम लिहायला अवघड नाही. सगळे क्रम एकेक करून तपास, सगळ्यांत छोटा ठेव. दहा-पंधरा ओळींत होतो, आणि अगदी बरोबर असतो. दहा घरं दिली तर, सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारं यंत्र धरलं तरी, चार मिलिसेकंदांच्या आत उत्तर. मुलं खूश. मग वीस घरं देतात आणि पडदा थिजतो. यंत्र अडकलेलं नाही, ते काम करतंय. वीस घरांचे क्रम २४,३२,९०,२०,०८,१७,६६,४०,००० होतात आणि त्याच वेगाने तपासायला ७७ वर्षं लागतात. एकवीस घरं केलीत तर सोळाशे वर्षांच्या वर. वाकाटकांनी सुरू केलेला प्रोग्रॅम आत्ता कुठे संपत आला असता.

पहिला उपाय म्हणून मुलं महागडा कॉम्प्युटर सुचवतात. दहापट वेगाचा आणला तर वीस घरांना पावणेआठ वर्षं लागतील, आणि एक घर वाढलं की पुन्हा एकशेसाठ. पैसे टाकून ही शर्यत जिंकता येत नाही. जिंकता येते ती असा विचार करून, की गोदामातून निघून कुठली घरं झाली आणि आत्ता कुठल्या दारात उभा आहे, एवढंच लक्षात ठेवलं तर पुरतं. झालेली घरं कुठल्या क्रमाने झाली ते विसरलं तरी चालतं, त्या क्रमांतला सगळ्यांत छोटा तेवढा हाताशी ठेवायचा. वीस घरांचे उपसंच १०,४८,५७६ च भरतात, आणि सगळं काम चाळीस-बेचाळीस कोटी पावलांत, अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतं. ७७ वर्षांचं अर्धा सेकंद, तेही त्याच यंत्रावर. ही युक्ती १९६२ सालची आहे, हेल्ड आणि कार्प यांच्या नावाने ओळखतात. तिलाही मर्यादा आहेच. साठ घरं दिलीत की तीसुद्धा लाखावर वर्षांत जाते. सगळ्या घरांना पुरून उरेल अशी झटपट रीत आहे की नाही, हा प्रश्न आजही उघडा आहे.

गंमत अशी की याच नकाशावर नुसतं स्वारगेटहून सांगलीला सर्वांत जवळच्या रस्त्याने कसं जायचं एवढंच विचारलं तर काम अगदी सोपं. त्याची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाला १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत वाग्दत्त वधूबरोबर कॉफी पिताना, हातात कागद-पेन्सिलही नसताना, वीसेक मिनिटांत सुचली. दिसायला दोन्ही प्रश्न भाऊ-भाऊ वाटतात. कुठला कुठल्या जातकुळीचा हे कोड लिहायला बसण्याआधी ओळखता आलं नाही, तर माणूस सहा महिने अशक्याच्या मागे धावतो आणि मॅनेजरला 'जवळजवळ झालंय' म्हणत राहतो.

यंत्राच्या वेगावर भिस्त ठेवणं आणि बसून विचार करणं, या दोन वाटांची सरळ टक्कर एकदा झाली होती, आणि तिच्यात नागपूरच्या सरकारी विज्ञान कॉलेजात शिकलेला आणि पुढे शिकवणारा एक मराठी माणूस होता. शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

प्रश्न स्विस गणितज्ञ ऑयलरचा, १७८२ सालचा. सहा पलटणींतून सहा-सहा हुद्द्यांचे असे छत्तीस अधिकारी घ्या आणि सहा बाय सहाच्या चौकोनात उभे करा. अट अशी की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटणीचा एकच आणि प्रत्येक हुद्द्याचाही एकच हवा. तीन बाय तीनला हे सहज जमतं. पलटणींना क, ख, ग आणि हुद्द्यांना १, २, ३ म्हणा:

क१ ख३ ग२
ख२ ग१ क३
ग३ क२ ख१

नऊच्या नऊ जोड्या वेगळ्या आहेत, मोजून बघा. ऑयलरचं म्हणणं पडलं की सहाला हे जमत नाही, आणि दहा, चौदा, अठरा अशा चार-चारने पुढे जाणाऱ्या कुठल्याच संख्येला जमणार नाही. सहाचं त्याचं बरोबर निघालं. गास्ताँ तारी या फ्रेंच माणसाने १९०१ च्या सुमारास सगळ्या शक्यता हाताने तपासून ते सिद्ध केलं. दहाला मात्र हाताने तपासायची सोय नव्हती. १९५० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात स्वॅक नावाच्या कॉम्प्युटरवर शंभराहून अधिक तास शोध चालवला गेला. हाती काहीच लागलं नाही, कारण एवढ्या तासांत शक्यतांचा एक कोपराही धुंडाळून झाला नव्हता.

आणि १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसचा चौकोन रचून दाखवला, मागोमाग अर्नेस्ट पार्करने दहाचा. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर असा चौकोन प्रत्येक संख्येला बनतो. पावणेदोनशे वर्षं ज्याला कोणी धक्का लावला नव्हता तो ऑयलर उताणा पडला! २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि या त्रिकुटाला 'ऑयलर्स स्पॉइलर्स' असं नाव पडलं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभाग उभा करायला आले, आणि २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. सोळा बिंदूंचा, प्रत्येक बिंदूपासून सहा रेषा निघणारा एक ग्राफ त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. क्रिकेटच्या एका शतकाला आपल्याकडे जेवढी जागा मिळते त्याच्या दहाव्या हिश्श्याने तरी हे नाव मराठी घरांत माहीत असावं असं मला वाटतं, आणि नसतं.

'पण मॅडम, पलटणी आणि हुद्दे कंपनीत कुठे येतात?' हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. येतात. तुम्ही एक ॲप बनवलंय. ते तीन कंपन्यांच्या फोनवर, अँड्रॉइडच्या तीन आवृत्त्यांवर, वायफाय, फोरजी आणि फाइव्हजी या तीन जोडण्यांवर आणि मराठी, हिंदी, इंग्रजी या तीन भाषांत चाललं पाहिजे. सगळे मेळ ८१. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज आहे आणि टेस्टिंगला एकच मुलगी. पण बहुतेक बग एखाद्या गोष्टीमुळे किंवा दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे निघतात, अमुक फोनवर मराठी लावलं की अक्षरं तुटतात, अशा जातीचे. मग वरचाच चौकोन घ्या. आडवी ओळ म्हणजे फोन, उभी ओळ म्हणजे आवृत्ती, अक्षर म्हणजे जोडणी आणि आकडा म्हणजे भाषा. नऊ घरं म्हणजे नऊ चाचण्या, आणि या नवांत कुठल्याही दोन गोष्टींची प्रत्येक जोडी बरोबर एकदा येते. ८१ ऐवजी नऊ. टेस्टिंगवाले याला ऑर्थोगोनल ॲरे म्हणतात, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना तो कुठून आला याची कल्पना नसते. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी तो १९४७ मध्ये मांडला, तेव्हा मोबाइल तर सोडाच, ट्रान्झिस्टरही जेमतेम जन्मत होता.

मागच्या वर्षी एका मुलीने तक्ता वहीत उतरवून घेतला, थोडा वेळ त्याकडे बघत बसली आणि विचारलं, बग तीन गोष्टी एकत्र आल्यावरच येत असेल तर? तर या नवांतून तो निसटू शकतो. कुठल्याही तीन गोष्टींचा प्रत्येक मेळ हवा असेल तर कमीत कमी २७ चाचण्या लागतात, कारण तीन गोष्टींचे मेळच मुळी २७ आहेत. २७ मध्ये खरंच भागतं का, ते तिला घरून करून आणायला सांगितलं. पहिले तीन रकाने म्हणजे सगळे २७ मेळ, ० ते २ आकड्यांत लिहिलेले, आणि चौथ्यात त्या तिघांची बेरीज करून तिनाने भागल्यावर उरलेली बाकी, एवढंच पुरे होतं. तिने दुसऱ्या दिवशी आणलं. सोबत चार गोष्टींऐवजी पाच असतील तर २७ मध्ये का भागत नाही, हा नवा प्रश्नही.